काफिला आणि सीमानाका : आफ्रिकेत गटाने दुचाकीप्रवास करू इच्छिणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दुचाकीवरून गटाने आफ्रिकेतील देश ओलांडण्याचा बेत आखणाऱ्या वाचकांची पत्रे आमच्याकडे सातत्याने येत आहेत. टायर कोणते घ्यावेत किंवा पेट्रोलची टाकी किती लिटरची असावी, याची उत्तरे कोणताही जाणता मेकॅनिक देऊ शकेल. म्हणून या वेळी केवळ सीमानाक्यांशी संबंधित पत्रांना जागा दिली आहे. या पत्रांमधून एक गैरसमज वारंवार डोकावतो. गटाने प्रवास केला की सीमाही गटानेच ओलांडता येते, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात कोणत्याही देशाच्या दप्तरी ‘गट’ नावाची नोंद नसते. तिथे एक माणूस, एक पारपत्र आणि एक वाहन एवढेच असते, आणि ज्याचे कागद सर्वांत कच्चे, त्याच्या गतीने संपूर्ण काफिला पुढे सरकतो.

प्रश्न : आम्ही आठ जण कैरोहून केप टाऊनपर्यंत जाऊ इच्छितो. इजिप्त, सुदान, इथिओपिया, केनिया असा सलग रस्ता नकाशावर दिसतो. गट मोठा असल्यामुळे सुदानचा टप्पा एकत्र राहून झटपट पार करता येईल, असे आमच्यातील काहींचे मत आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ यांच्यात युद्ध पेटले आणि त्या दिवसापासून कैरो–केप टाऊन हा दुचाकीस्वारांचा जुना राजमार्ग मधोमध तुटला. पूर्वी अस्वानहून वादी हाल्फाला जाण्यासाठी नासर सरोवरातून बोटीने जावे लागे आणि वाहनांसाठी वेगळ्या तराफ्याची वाट पाहण्यात दिवस जात. कुस्तुल येथील रस्त्याचा नाका २०१४ मध्ये खुला झाल्यावर ही अडचण दूर झाली होती. आज तो रस्ता नकाशावर आहे, परंतु त्यापुढील देश प्रवासाच्या स्थितीत नाही. शिवाय सुदानमधून गलाबात–मेतेमा मार्गे इथिओपियात उतरले की समोर अम्हारा प्रांत येतो आणि तिथेही २०२३ च्या ऑगस्टपासून सशस्त्र संघर्ष चालू आहे.

गटाच्या आकाराने संरक्षण मिळते, ही समजूत युद्धक्षेत्राच्या बाबतीत उलटी आहे. आठ दुचाकींना आठपट पेट्रोल लागते, आठ जणांचे कागद प्रत्येक चौकीवर तपासले जातात आणि आठ हेडलाइटांची रांग दुरूनही नजरेत भरते.

व्यवहार्य पर्याय दोन आहेत. पहिला म्हणजे दुचाकी जहाजाने मोंबासाला पाठवून केनियातून दक्षिणेकडे निघणे. एका कंटेनरमध्ये अनेक दुचाकी बसत असल्याने गटाला हा मार्ग परवडतो; मात्र कंटेनर एकच असल्यामुळे त्यातील एका गाडीचे कागद अडले तर उरलेल्या गाड्याही बंदरातून हलत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. दुसरा पर्याय पश्चिम किनाऱ्याचा, म्हणजे मोरोक्को, मॉरिटानिया, सेनेगल असा आहे. अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यामधील भूसीमा १९९४ पासून बंद असल्याने ट्युनिशिया किंवा अल्जीरियाच्या बाजूने मोरोक्कोत शिरण्याचा विचार सोडून द्यावा आणि स्पेनमधून बोटीने यावे. गेरगेरात येथे मोरोक्कोच्या ताब्यातील पश्चिम सहारा संपून मॉरिटानिया सुरू होतो. तेथील दोन चौक्यांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात वाहनांची मळलेली वाट सोडून एक पाऊलही बाजूला टाकू नये, कारण त्या परिसरात भूसुरुंग पेरलेले आहेत. मॉरिटानियात वाटेवरील प्रत्येक पोलीस चौकीवर नाव, पारपत्र क्रमांक, वाहन क्रमांक आणि पुढचा मुक्काम लिहिलेला कागद द्यावा लागतो. तो हाताने लिहीत बसल्यास आठ जणांचा अर्धा दिवस चौक्यांवरच जाईल. प्रत्येकाने अशा छापील प्रतींचा गठ्ठा आधीच करून टँक बॅगच्या वरच्या कप्प्यात ठेवावा आणि चौकीवर थांबताच हेल्मेट न काढता एक प्रत पुढे करावी. सेनेगलमध्ये शिरताना रोसो येथील बोटीचा घाट दलालांसाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून बहुतेक स्वार नदीच्या मुखाकडील दियामा धरणावरून जाणे पसंत करतात, आणि आमचाही सल्ला तोच आहे.

या किनाऱ्यानेही केप टाऊनपर्यंत सहज जाता येते असे मात्र समजू नये. नायजेरियातून कॅमेरूनमध्ये उतरणारा नेहमीचा रस्ता मामफे आणि बामेंडा या इंग्रजीभाषक भागातून जातो आणि तिथे २०१७ पासून सशस्त्र संघर्ष चालू आहे. पहिल्याच मोहिमेसाठी केनिया ते दक्षिण आफ्रिका हा पट्टा निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सर्व दुचाकींसाठी गटप्रमुखाच्या नावाने एकच कार्ने काढला तर खर्च वाचेल, असे आमच्या एका सोबत्याने सुचवले आहे. शिवाय आमच्यातील दोघे जण नातेवाइकांच्या नावावरील दुचाकी घेऊन येणार आहेत. हे चालेल का?

उत्तर : एका कार्नेवर एकच वाहन बसते, त्यामुळे पहिली सूचना मुळातच बाद होते. ‘कार्ने द पासाज’ ही पुस्तिका म्हणजे वाहन तात्पुरते आणले आहे, ते विकले जाणार नाही आणि ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर जाईल, याची परदेशी सीमाशुल्क खात्याला दिलेली हमी होय. वाहनाची नोंदणी ज्या देशात आहे, तेथील अधिकृत वाहन संघटना ती देते आणि त्यापोटी अनामत किंवा बँकहमी घेते. पुस्तिका पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते आणि तिची मुदत एक वर्षाची असते. प्रत्येक देशासाठी एक पान खर्ची पडते. त्या पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग प्रवेश करताना अधिकारी फाडून घेतो, मधला भाग देश सोडताना फाडला जातो आणि सर्वांत वरचा भाग दोन्ही शिक्क्यांसह आपल्याजवळ राहतो. या वरच्या भागावर निर्गमनाचा शिक्का नसेल, तर त्या देशाच्या दृष्टीने आपली दुचाकी अजून तिथेच आहे, आणि तिच्यावरील आयातशुल्काची मागणी पुढे कधीतरी अनामतीवर येऊन धडकते.

गटाच्या बाबतीत नेमका इथेच घोळ होतो. आठ पुस्तिका एकावर एक रचून खिडकीत सरकवल्या जातात, अधिकारी भराभर शिक्के मारतो, आणि कोणाच्या तरी पुस्तिकेत खालच्या भागाऐवजी मधला भाग फाटतो. खिडकी सोडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची पुस्तिका उघडून पान, तारीख, शिक्का आणि उरलेला भाग पाहून घेतलाच पाहिजे; गटप्रमुखाने ‘सगळे झाले आहे’ असे सांगितल्यावर विश्वासाने पुस्तिका खिशात टाकणे हा शिष्टाचार असेल, पण ती सावधगिरी नव्हे.

नातेवाइकाच्या नावावरील दुचाकीसाठी मालकाचे नोटरीकृत अधिकारपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत सोबत असावी, आणि हे वाहन दुसरी व्यक्ती चालवणार असल्याचे कार्ने देणाऱ्या संघटनेला आधीच कळवलेले असावे. तरीही पूर्व आफ्रिकेतील एखादा अधिकारी अशा कागदाकडे संशयाने पाहतो, आणि त्या वेळी उरलेले सहा जण उन्हात उभे असतात. शक्य असेल तर निघण्यापूर्वीच दुचाकी स्वतःच्या नावावर करून घ्यावी.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. पुस्तिकेत चॅसी आणि इंजिन क्रमांक लिहिलेले असतात आणि काही नाक्यांवर अधिकारी ते खरोखरच ताडून पाहतो. चॅसी क्रमांक बहुधा हँडलच्या खाली, चौकटीच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावरून केबल गेलेल्या असतात, टँक बॅगेचा पट्टा आलेला असतो आणि मुरमाच्या रस्त्यावरची तांबडी धूळ तेलात मिसळून अक्षरांत घट्ट बसलेली असते. अधिकारी टॉर्च घेऊन वाकतो, त्याला तिसरा आकडा लागत नाही आणि तो सरळ उठून आत निघून जातो. नाक्यापूर्वीच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर प्रत्येकाने पेट्रोलात बुडवलेल्या फडक्याने हा क्रमांक पुसून ठेवावा. प्रवासापूर्वी इंजिन बदललेले असल्यास नवा क्रमांक नोंदणीत आणि कार्नेत, अशा दोन्ही ठिकाणी असल्याची खात्री करावी.

बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एकाच सीमाशुल्क संघात आहेत. हा संघ १९१० पासूनचा आहे. त्यामुळे कार्नेच्या दृष्टीने हे पाच देश म्हणजे एकच प्रदेश आहे : पहिल्या देशात शिरताना प्रवेशाचा आणि शेवटच्या देशातून बाहेर पडताना निर्गमनाचा शिक्का घ्यायचा. पारपत्रावरील शिक्के मात्र प्रत्येक देशाचे स्वतंत्रपणे घ्यावे लागतात.

प्रश्न : एका नाक्यावर गटाचा किती वेळ जातो, आणि तो कमी करण्यासाठी कामांची वाटणी कशी करावी?

उत्तर : ज्या दिवशी सीमा ओलांडायची आहे, त्या दिवशी नाक्यापलीकडे फार तर शंभर किलोमीटरचा पल्ला ठेवावा आणि नाका उघडता उघडता तिथे पोहोचावे. टांझानिया आणि झांबिया यांच्यामधील तुंडुमा–नाकोंदे यासारख्या नाक्यांवर खाणपट्ट्याकडे ये-जा करणाऱ्या ट्रकची रांग कित्येक किलोमीटर पसरलेली असते. दुचाकीस्वारांनी त्या रांगेत उभे राहायचे नसते, हे नवख्यांना ठाऊक नसते. रांगेच्या कडेने सावकाश पुढे जावे. ट्रकचालक कुरकुरत नाहीत, उलट हात करून वाट दाखवतात.

नाक्यावर पोहोचल्यावर सर्व दुचाकी एकत्र, शक्यतो पहारेकऱ्याच्या नजरेसमोर लावाव्यात आणि दोघांनी तिथेच थांबावे. उरलेल्यांनी आत जावे आणि ते परतल्यावर पहिल्या दोघांनी जावे. इमिग्रेशनच्या खिडकीवर प्रत्येकाला स्वतः उभे राहावे लागते, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. तिथे प्रतिनिधी चालत नाही. वाहनाच्या कागदांसाठी मात्र गटातील सर्वांत शांत स्वभावाच्या माणसाला पुढे करावे. सर्वांत बोलका माणूस या कामासाठी बहुधा निरुपयोगी ठरतो.

क्रम साधारणपणे असा असतो : सोडायच्या देशाचा पारपत्रावरील शिक्का, त्याच देशाच्या सीमाशुल्क खात्याचा कार्नेवरील शिक्का, मग पलीकडे आरोग्यपत्राची तपासणी, प्रवेशाचा शिक्का, वाहनाचा तात्पुरता प्रवेश, रस्ताशुल्क आणि शेवटी विमा. पण आता अनेक ठिकाणी दोन्ही देशांची कार्यालये एकाच इमारतीत आली आहेत. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामधील चिरुंडू येथे २००९ मध्ये आफ्रिकेतील अशी पहिली व्यवस्था सुरू झाली. केनिया–टांझानिया सीमेवरील नमांगा आणि इथिओपिया–केनिया सीमेवरील मोयाले येथेही ती आहे. या पद्धतीत सोडायच्या देशाच्या इमारतीत न थांबता थेट पलीकडे जायचे असते आणि दोन्ही देशांचे अधिकारी तिथे शेजारीशेजारी बसलेले असतात. सोय मोठी आहे, पण धोकाही तिच्यातच दडलेला आहे. एकाच दालनात चार-पाच खिडक्या असल्याने प्रवेशाची कामे उरकण्याच्या घाईत सोडलेल्या देशाच्या सीमाशुल्क खात्याची खिडकी नजरेतून सुटते, आणि कार्नेवरील निर्गमनाचा शिक्का राहून जातो. गटात हे अधिक घडते, कारण प्रत्येकाला वाटते की पुढच्याने ती खिडकी पाहिली असेल.

झांबियातून बोत्स्वानात जाताना काझुंगुला येथे झांबेझी नदी ओलांडावी लागते. १० मे २०२१ रोजी तेथील ९२३ मीटर लांबीचा पूल खुला झाला. त्यापूर्वी ट्रक आणि दुचाकी एकाच तराफ्यावरून जात आणि मोठ्या गटाची दोन फेऱ्यांत विभागणी होई. हा पूल झिंबाब्वेच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून मुद्दाम वळवून बांधलेला आहे. जगात चार देशांच्या सीमा जवळपास एकाच जागी येण्याचे हे दुर्मीळ ठिकाण असल्यामुळे स्थापत्यशास्त्रालाही राजकारणापुढे वळण घ्यावे लागले, हे पुलावरून जाताना आवर्जून पाहावे.

पैशांविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. काही शुल्के डॉलरमध्ये, तर काही केवळ स्थानिक चलनात घेतली जातात. डॉलरच्या जुन्या मालिकेतील, फाटक्या किंवा शाईचे डाग पडलेल्या नोटा सर्रास नाकारल्या जातात. झांबिया आणि मलावी या दोन्ही देशांच्या चलनाचे नाव क्वाचा हेच आहे, परंतु त्यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे. एमवामी–म्चिंजी नाक्यावर घाईत पैसे बदलून घेणाऱ्या गटाने हातात पडलेल्या नोटेवर कोणत्या बँकेचे नाव आहे, ते वाचल्याशिवाय ती पाकिटात ठेवू नये. सर्वांचा समाईक निधी एकानेच, एकदाच आणि इमारतीच्या आत बदलावा.

वेळ विचारतानाही सावध असावे. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्या प्रदेशांत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजण्याची रीत आहे. नाक्यावरील मदतनीस तीन वाजता साहेब येतील असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात सकाळचे नऊ असू शकतात. आपल्या मनगटावरील घड्याळ त्याला दाखवून काटा कुठे असेल ते विचारणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

तृतीय पक्ष विम्यासाठी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील देशांच्या ‘कोमेसा’ या संघटनेचे यलो कार्ड उपयोगी पडते. पहिल्या देशात विमा उतरवताना ते सोबत मागून घ्यावे. टांझानिया आज कोमेसाचा सदस्य नसला तरी या योजनेत सहभागी आहे. कार्डावर ज्या देशांची नोंद असते त्याच देशांत ते चालते, म्हणून मार्गावरील प्रत्येक देशाचे नाव त्यावर असल्याचे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. पश्चिम आफ्रिकेत याच धर्तीवर ‘इकोवास’ संघटनेचे ब्राउन कार्ड आहे.

ड्रोनबाबत थोडक्यात सांगायचे तर, तो सोबत घेऊच नये. मोरोक्को आणि इजिप्त येथे परवानगीशिवाय ड्रोन आणण्यास बंदी आहे आणि एका सामानातील ड्रोनमुळे सर्व दुचाकींच्या पेट्या रस्त्यावर रिकाम्या होतात.

प्रश्न : केनिया, युगांडा आणि रवांडासाठी एकत्रित व्हिसा आहे असे ऐकले. टांझानियाही त्यात येतो का?

उत्तर : टांझानिया त्यात येत नाही. पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा फक्त आपण उल्लेखिलेल्या तीन देशांसाठी आहे. त्याचे शुल्क १०० डॉलर आणि मुदत ९० दिवसांची असून त्या तीन देशांत कितीही वेळा ये-जा करता येते. मात्र मध्येच टांझानियात गेल्यास तो संपुष्टात येतो. म्हणून आधी ही तीन राष्ट्रे पूर्ण करून मगच रुसुमो येथून टांझानियात उतरावे. बुरुंडीने रवांडालगतची सीमा २०२४ च्या जानेवारीत बंद केली असल्याने तो देश या फेरीत धरू नये.

जाता जाता एक सूचना. युगांडा आणि टांझानियात वाहने डावीकडून, तर रवांडात उजवीकडून चालतात. त्यामुळे या फेरीत दोनदा बाजू बदलावी लागते. बाजू बदलल्यानंतरच्या पहिल्या तासात सर्वांत पुढे अनुभवी स्वार असावा, कारण तो चुकून नेहमीच्या बाजूला गेला तर मागचे सर्व जण डोळे झाकून त्याच्यामागे जातात.

प्रश्न : आमच्यापैकी एकाला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवले तर सर्वांनी थांबावे का? पोलिसांनी पावतीशिवाय पैसे मागितल्यास काय करावे, यावरही आमच्यात एकमत होत नाही.

उत्तर : टांझानियात गावाची हद्द सुरू होताच ताशी ५० किलोमीटरची मर्यादा लागू होते आणि झाडाआड स्पीड गन घेऊन उभे असलेले वाहतूक पोलीस हे तेथील महामार्गाचे नेहमीचे दृश्य आहे. काफिल्यातील शेवटचा स्वार मागे पडल्यामुळे वेग वाढवतो आणि बहुधा तोच सापडतो. म्हणून पुढच्याने गाव संपल्याबरोबर वेग न वाढवता शेवटचा स्वार हद्दीबाहेर येईपर्यंत सावकाश चालवावे, ही शिस्त निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.

थांबवल्यावर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि उरलेल्यांनी दृष्टीच्या टप्प्यात, पण अर्धा किलोमीटर पुढे उभे राहावे. हेल्मेट घातलेल्या सात-आठ जणांनी एका पोलिसाभोवती कोंडाळे केल्यास साध्या दंडाचेही भांडण होते. चूक झाली असल्यास दंड भरावा आणि पावती मागावी. पावती मागणे हेच पावतीशिवायच्या मागणीला दिलेले सर्वांत सभ्य उत्तर आहे. आवाज न चढवता, घाई नसल्याचे दाखवून ते जितक्या वेळा द्यावे लागेल तितक्या वेळा द्यावे. गटातील एकाने कंटाळून गुपचूप पैसे काढून दिले, तर पुढच्या चौकीपर्यंत गट पोहोचण्याआधी ती बातमी पोहोचते. तेव्हा या बाबतीत बहुमत उपयोगाचे नाही, सर्वांचे एकमत हवे, आणि ते घरून निघण्यापूर्वी व्हायला हवे.

प्रश्न : दुचाकीवरून अभयारण्यांत जाता येईल का?

उत्तर : केनिया आणि टांझानियातील वन्यप्राण्यांच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत मोटरसायकलला प्रवेश नाही. दुचाकी मुक्कामी ठेवून जीपने जावे. मात्र काही सार्वजनिक महामार्गच उद्यानांतून जातात आणि तिथे दुचाकी चालते. टांझानियातील मिकुमी उद्यानातून दार एस सलाम–इरिंगा महामार्ग सुमारे ५० किलोमीटर जातो. तिथे वेग मर्यादित आहे आणि प्राण्याला धडक दिल्यास दंड भरावा लागतो. बोत्स्वानातील नाटा ते कासाने या रस्त्याला कुंपण नाही आणि हत्ती संध्याकाळच्या सुमारास तो ओलांडतात. करडा हत्ती करड्या संधिप्रकाशात डांबरी रस्त्यावर उभा असेल, तर शेवटच्या पन्नास मीटरपर्यंत दिसत नाही. इथे काफिल्यात पुष्कळ अंतर ठेवावे आणि कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचे पिल्लू पलीकडे जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून लांबच थांबावे.

बोत्स्वानात देशांतर्गतही पशुवैद्यकीय कुंपणे आहेत. लाळ्या-खुरकुताचा प्रसार थांबवण्यासाठी तिथे बुटांचे तळवे औषधी पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर टेकवायला लावतात, चाके त्याच द्रावणातून न्यावी लागतात आणि सोबतचे कच्चे मांस काढून घेतले जाते. हे काम दोन मिनिटांचे आहे. वाद घातला तरच ते वीस मिनिटांचे होते.

प्रश्न : मध्येच कोणी आजारी पडला, अपघात झाला किंवा दुचाकी कायमची बंद पडली, तर गटाने थांबावे की पुढे जावे? आमच्यात यावर कडू वाद झाला आहे.

उत्तर : हा वाद आत्ताच झाला, हे चांगले झाले. भावनेच्या बाजूने प्रत्येक जण थांबण्याची शपथ घेतो. परंतु प्रत्येकाच्या व्हिसाची आणि वाहनाच्या तात्पुरत्या प्रवेशाची मुदत वेगवेगळी संपत असते आणि ती शपथेला बांधलेली नसते. आमची शिफारस अशी आहे की आजारी किंवा जखमी व्यक्तीजवळ एकाने थांबावे, तो कोण असेल हे निघण्यापूर्वी जोड्या लावून ठरवावे आणि उरलेल्यांनी पुढच्या ठरलेल्या गावी जाऊन निश्चित दिवसांपर्यंत वाट पाहावी. प्रत्येक जोडीकडे स्वतंत्र पैसे, स्वतंत्र नकाशा आणि हत्यारांचा स्वतंत्र संच असावा. सर्व पाने आणि सर्व ट्यूब एकाच दुचाकीवर लादणाऱ्या गटाला याचे महत्त्व ती दुचाकी पुढे निघून गेल्यावरच कळते.

गंभीर दुखापतीसाठी पूर्व आफ्रिकेत नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालणारी ‘अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ ही हवाई रुग्णसेवा आहे. मूळ संस्था १९५७ साली स्थापन झाली. तिचे पर्यटकांसाठीचे सदस्यत्व आधी घ्यावे आणि ते कोणकोणत्या देशांत लागू आहे हे पाहून घ्यावे. प्रवासविम्यात ठरावीक सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची मोटरसायकल वगळलेली असते. ती अट बारीक अक्षरांत असते, आणि गटातील प्रत्येकाच्या पॉलिसीमध्ये ती स्वतंत्रपणे वाचावी. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून ते आजन्म वैध आहे, परंतु लसीकरणाचे पिवळे कार्ड मूळ प्रतीतच सोबत लागते.

आता दुचाकीविषयी. बंद पडलेली गाडी रस्त्याकडेला किंवा एखाद्या गॅरेजमध्ये सोडून, मालकाने सोबत्याच्या मागे बसून सीमा ओलांडायची, ही कल्पना गटात हमखास निघते. काही देशांत पारपत्रावरच वाहनाची नोंद केलेली असते, आणि मग तो माणूस गाडीशिवाय देश सोडूच शकत नाही. तशी नोंद नसली, तरी कार्नेवरील शिक्का उघडाच राहतो आणि अनामत अडकते. योग्य मार्ग असा की ट्रक भाड्याने घेऊन दुचाकी नाक्यापर्यंत न्यावी आणि तिचे निर्गमन रीतसर नोंदवावे. गाडी चालू असली पाहिजे अशी अट सीमाशुल्क खात्याची नसते, ती देशाबाहेर गेली पाहिजे एवढेच त्याला हवे असते. गाडी जळाली, चोरीला गेली किंवा दुरुस्त होण्यासारखी उरली नाही, तर त्याच दिवशी पोलिसांकडे नोंद करावी, त्या नोंदीची शिक्का मारलेली प्रत घ्यावी आणि सीमाशुल्क खात्याकडून वाहनाची विल्हेवाट लागल्याचे लेखी घेऊन कार्ने देणाऱ्या संघटनेला ताबडतोब कळवावे. एखाद्या नाक्यावर निर्गमनाचा शिक्का राहून गेला असेल आणि गाडी सुखरूप परत आली असेल, तर पुस्तिकेच्या शेवटी असलेल्या ठिकाण-प्रमाणपत्राच्या नमुन्यावर गाडी प्रत्यक्ष दाखवून सीमाशुल्क अधिकाऱ्याची सही घेता येते. त्यासाठी गाडी विकण्यापूर्वी किंवा तिचे इंजिन खोलण्यापूर्वी पुस्तिकेचे प्रत्येक पान उलटून पाहावे.